टिन कटर हाताचा की विजेचा? आधी पातं बघा

वाचकाचं पत्र

ताई, सा. न. वि. वि.

आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. मी घरातूनच आम्रखंड, आंब्याची बर्फी, अननसाचा शिरा यांच्या ऑर्डरी घेते. मोसमात ताजा हापूस असतो, पण दिवाळीला आणि हिवाळ्यातल्या लग्नांना डब्यातल्या रसावरच काम चालतं. मोठी ऑर्डर असली की एका दिवसात ८५० ग्रॅमचे आठ-आठ डबे उघडावे लागतात. घरात एक जुना टिन कटर आहे, दात रुतवून वरखाली करायचा. त्यानं माझं उजवं मनगट सारखं दुखालंय. सासरे फौजेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, आम्ही संगिनीनं डबे फोडले, कटर कशाला पाहिजे? आणि छिन्नी-हातोडी काढून देतात. सासूबाईंना संधिवात आहे, अंगठ्यात जोर नाही. गेल्या महिन्यात मी बाहेर गेले असताना त्यांनी कॅन्टीनमधून आणलेला अननसाचा डबा सुरीनं उघडायला घेतला आणि तळहात कापून घेतला. टाके पडले. तेव्हापासून घरात हाच विषय चाललाय. मुलगा मोबाइलवर बॅटरीचा कटर दाखवतोय, अठराशे रुपयांचा. नणंद अमेरिकेत असते, तिनं मागच्या खेपेला प्लगवर चालणारा इलेक्ट्रिक ओपनर आणून दिलाय. तो खोक्यातच आहे, त्यावर १२० व्होल्ट असं लिहिलंय. तो लावू का? की हाताचाच चांगला बघून घेऊ? आणि तेलाचा पंधरा किलोचा डबाही त्यानंच उघडेल का, तेही सांगा.

— एक वाचक, शहापूर

उत्तर

शहापूरच्या ताई,

आधी नणंदबाईंच्या खोक्याचं बोलू, कारण त्यात जोखीम आहे. तो ओपनर आपल्या घरातल्या प्लगला लावू नका. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट वीज येते, आपल्याकडे २३० व्होल्ट. म्हणजे त्या मोटारीला जेवढा दाब सोसायचा असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब तिच्यावर पडेल. ती थोड्याच वेळात जळेल, आणि तेव्हा तुमचा हात बटणावर असेल. बाजारात मिळणारा साधा कन्व्हर्टर प्लगही उपयोगाचा नाही. तो फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो जड असतो, ओट्यावर जागा खातो, शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, त्यामुळे मोटार तिच्या मूळ गतीनं फिरेलच असं नाही. एका टिन कटरसाठी एवढा खटाटोप नको. नणंदबाईंनी मायेनं आणलंय, त्यांना वाईट वाटू नये म्हणून तरी चालवून बघूया, असंही करू नका. अमेरिकेला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी परत पाठवून द्या, तिकडं तो नीट चालेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही विचारलंय, हाताचा की विजेचा. डबा कापतं ते पातं. मोटार कापत नाही, ती फक्त मनगटाच्या जागी फिरते. पातं मऊ लोखंडाचं असेल, नीट बसत नसेल, तर अठराशेचं मशिनही डब्याची कड चावत बसेल. पातं आणि त्याच्याखालचं दात्यांचं चाक चांगलं असेल, तर हाताच्या कटरनंही डबा विनासायास उघडतो. म्हणून आधी पातं निवडायचं, आणि ते कुणाच्या हातात जाणार आहे हे बघून मग मोटारीचं ठरवायचं. तुमच्या घरात ते दोन निरनिराळ्या हातांत जाणार आहे, एक तुमचा आणि एक सासूबाईंचा. माझ्या मते तुमच्या दोघींचं उत्तर एक नाही.

सासरेबुवांचं म्हणणं खोटं नाही, हे आधी सांगते. डबाबंद अन्नाचं पेटंट इंग्लंडात १८१० साली निघालं, आणि ते डबे सुरुवातीपासून आरमारात आणि फौजेत गेले. तेव्हाचा पत्रा इतका जाड असायचा की डब्यावरच लिहिलेलं असे, छिन्नी आणि हातोडीनं कडेकडेनं फोडा. सैनिक संगिनी चालवायचे. डबा निघाला तरी तो उघडायचं खास हत्यार यायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. १८५५ च्या सुमारास इंग्लंडात दात रुतवून वरखाली करायचा कटर निघाला. तुमच्या घरात जो आहे, तो त्याच घाटाचा. १८७० मध्ये अमेरिकेत विल्यम लायमन यांनी फिरतं चाक लावलेला कटर काढला. १९२५ मध्ये त्याला दुसरं, दात्यांचं चाक जोडलं गेलं. ते चाक डब्याची कड खालून पकडून डबा पुढे सरकवतं. आज दुकानात दोन मुठींचा, फुलपाखरासारखी चावी असलेला जो कटर मिळतो, तो त्याच मार्गानं आलाय. विजेवरचे ओपनर घरोघरी जाऊ लागले ते १९५६ नंतर, अमेरिकेत, आणि त्यांतही कापणारं चाकच होतं.

फौजेचंच बोलायचं तर दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सैन्यानं पी-३८ नावाचा बोटाएवढा, बिजागरीचा कटर काढला आणि शिधापेटीबरोबर सैनिकांना दिला. म्हणजे फौजेनंही संगीन सोडून कटर हातात घेतला. हे सासऱ्यांना जरूर सांगा, त्यांना ते आवडेल. आज डब्याचा पत्रा पातळ झालाय. छिन्नीच्या घावानं तो फाटतो, कडा करवतीसारख्या होतात आणि पत्र्याचे बारीक तुकडे रसात पडतात. घरच्या वापरातही ते बरं नाही, आणि तुम्ही तर ते अन्न विकता. तेव्हा छिन्नी-हातोडी माळ्यावर जाऊ द्या.

आता तुमच्या मनगटाबद्दल. दात रुतवायच्या कटरनं डबा उघडताना प्रत्येक घासाला मनगट पिरगळावं लागतं आणि वर जोरही द्यावा लागतो. एका डब्याला असे पंचवीस-तीस घास, मग आठ डब्यांना किती, ते बघा. मनगट दुखणारच. फिरत्या चाकाच्या कटरला दोन कामं असतात. डाव्या हातानं मुठी दाबून धरायच्या आणि उजव्या हातानं चावी फिरवायची. यात मनगट तेवढं पिरगळत नाही, जास्त काम पंजा आणि बोटं करतात. म्हणून मुठी लांब आणि गुबगुबीत बघा, चावी मोठी बघा. चावी पातळ पत्र्याची असली तर ती अंगठ्यात रुतते आणि दुखणं मनगटातून अंगठ्यात जातं. तुम्ही डावखुऱ्या असाल तर दुकानदाराला आधी सांगा, कारण बहुतेक कटर उजव्या हातासाठीच बनलेले असतात.

अशा कटरमध्ये दोन जाती आहेत. एक झाकणाच्या आतल्या बाजूनं कापतो. झाकण सुटून रसात पडतं आणि डब्याला धारदार कड राहते. दुसरा बाजूनं कापतो. डब्याचं झाकण आणि अंग एकमेकांत दुहेरी दुमडून घट्ट केलेलं असतं. हा कटर त्या दुमडीचा बाहेरचा पदर कापतो. मग अख्खं झाकण वर उचललं जातं, धार जवळजवळ राहत नाही, आणि पातं रसाला लागतच नाही. तुमच्या कामासाठी मी हाच सुचवेन. याचं एक शिकून घ्यावं लागतं, ते म्हणजे तो डब्यावर आडवा ठेवायचा असतो, उभा धरला तर पकडत नाही. बऱ्याच जणी पहिल्या दिवशी कटर बिघडलाय म्हणून परत करतात, ते यामुळेच.

दुकानात कटर कसा पारखायचा, यावर जरा सविस्तर सांगते, कारण नुकसान इथंच होतं. जाताना एक रिकामा डबा धुऊन पिशवीतून न्या. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत भांड्यांचे दुकानदार ओळखीचे असतात, ते बिनदिक्कत लावून बघू देतात. डबा वरून उघडलेला असला तरी आंब्याच्या रसाच्या डब्याच्या बुडालाही झाकणासारखीच दुमडलेली कड असते. कटर बुडाकडून लावून बघा. मुठी दाबल्यावर पातं पत्र्यात एकदम शिरलं पाहिजे, दोन-तीनदा दाबावं लागता कामा नये. मग चावी फिरवा आणि डब्याच्या उभ्या जोडावर लक्ष ठेवा. डब्याच्या अंगावर वरून खाली एक सरळ रेघ दिसते, तिथं पत्रा जोडलेला असतो आणि कड जरा जाड असते. हलका कटर नेमका तिथं घसरतो. त्या जोडावरून न अडखळता जो पुढे गेला, तो घ्या. पातं आणि दात्यांचं चाक यांना मागून गिअर असतील, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना फिरवत असतील, तर अजून चांगलं, तो कटर घसरायला सहसा बघत नाही. चकाकी बघून भुलू नका. वरचा भाग स्टेनलेसचा आणि पातं मऊ, असं बरेचदा असतं. घरात उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारं कुणी असेल तर त्यांना पातं दाखवा. हार्डनिंग केलेलं, म्हणजे तापवून कडक केलेलं पातं कुठलं आणि नुसतं पॉलिश केलेलं कुठलं, हे बेळगावातल्या टर्नर-फिटरला सांगावं लागत नाही.

तुम्ही विचारला नाही, पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो मुद्दा आता मांडते. तुम्ही ८५० ग्रॅमचेच डबे का घेता? आंब्याचा रस ३.१ किलोच्या मोठ्या डब्यातही येतो. हॉटेलवाले आणि मिठाईवाले तोच घेतात. लहान डब्याचं तोंड साधारण ४ इंचांचं, म्हणजे कड साडेबारा इंच. आठ डब्यांची मिळून १०० इंच कड तुम्ही एका दिवसात कापता. मोठ्या डब्याचं तोंड साधारण ६ इंचांचं, कड १९ इंच. दोन मोठे आणि एक लहान घेतला तर रस होतो ७ किलो ५० ग्रॅम, म्हणजे आठ लहान डब्यांपेक्षा थोडा जास्तच, आणि कापायची कड फक्त ५० इंच. मनगटाचं काम एका झटक्यात निम्मं होतं, आणि त्यासाठी मोटार लागत नाही. किलोमागचा भावही विचारून बघा, रविवार पेठेत घाऊक घेतलात तर फरक पडावा. मोठी ऑर्डर नसेल त्या दिवशी मात्र लहान डबाच घ्या, कारण उघडलेला रस फार टिकत नाही.

काम असंच वाढत गेलं, तर तिसराच एक कटर आहे, ज्याचं नाव ना तुमच्या मुलानं काढलंय ना सासऱ्यांनी. टेबलाच्या कडेला पक्का बसवायचा, उभ्या दांडीचा. हॉटेलच्या स्वयंपाकघरात तुम्ही तो पाहिला असेल. दांडी दाबली की पातं झाकणात शिरतं, आणि हँडल गरागरा फिरवलं की डबा आपोआप वळत जातो. त्यात हात आवळून धरायचा प्रश्नच नाही, खांद्यापासून जोर लागतो. ३.१ किलोच्या डब्याला यासारखं दुसरं काही नाही. पण तो घेताना दोन गोष्टी बघा. टेबल भक्कम हवं, डुगडुगणाऱ्या सनमायकाच्या फळीवर तो बसत नाही. आणि त्याचं पातं व चाक सुटं विकत मिळतं ना, हे विचारूनच घ्या. पातं बोथट झालं की पत्र्याचा कीस पडायला लागतो, तेव्हा ते बदलावंच लागतं. हॉटेलची भांडी आणि यंत्रं विकणाऱ्या दुकानात चौकशी करा. आत्ता लगेच घ्यायची घाई नाही. एक लग्नसराई मोठ्या डब्यांवर आणि चांगल्या हातकटरवर काढा, मग ठरवा.

एक विनंती आहे. नवा कटर आल्यावरही मनगटाची कळ गेली नाही, किंवा रात्री बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. घरगुती धंदा करणाऱ्या बायका हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात, नंतर वस्तू घट्ट धरणंसुद्धा अवघड होतं. तुमचा हात तुमचा धंदा आहे.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी मात्र मुलाचं म्हणणं बरोबर आहे. बॅटरीवरचा कटर त्यांना द्या. ज्या अंगठ्यात जोर नाही, त्याला मुठी दाबायला सांगणं म्हणजे पुन्हा सुरीकडं ढकलणं. हा कटर डब्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, तो स्वतःच कडेनं फिरतो, आणि बरेचसे कटर काम झाल्यावर आपोआप थांबतात. भिंतीच्या प्लगचा संबंध नाही, त्यामुळे दिवे गेले तरी अडत नाही. शहापुरात हा त्रास कमी असेल, पण पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडं झाडं तारांवर पडतात आणि तासन् तास वीज नसते. तिकडच्या कुणा नातलगानं हेच विचारलं तर त्यांनाही प्लगवरचा सांगू नका.

बॅटरीच्या कटरची खोडही माहीत असू द्या. कड चेपलेली असली की तो तिथंच अडकून बसतो. मधेच थांबला तर तो डब्यावरून सोडवायचा कसा, हे विकत घेण्याआधी नीट समजून घ्या आणि सासूबाईंना दाखवून ठेवा. नाहीतर अडकलेला कटर काढायला पुन्हा सुरी हातात येईल. पेन्सिल सेल उतरले की तो अर्ध्यावर दमतो, म्हणून नव्या सेलची एक जोडी त्याच्याजवळच ठेवा. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवायचे, आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात ते पाझरतात आणि आतले पत्रे गंजवतात. आणि तो नळाखाली धरता येत नाही. कापायचा भाग सुटा होऊन धुता येतो का, ते बघूनच घ्या. आतले दाते बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात, तुटले तर बेळगावात मोटार दुरुस्त करणारे कितीही असले तरी तो सुटा भाग मिळणं कठीण. तुमच्या मोठ्या ऑर्डरीच्या आठ-आठ डब्यांसाठी मी तो नको म्हणते ते यामुळेच. सासूबाईंच्या आठवड्यातल्या एका डब्याला तो उत्तम. अठराशेचाच हवा असं नाही, वॉरंटी असलेला आणि परत घेण्याची सोय असलेला साधा बघा.

त्याच्याआधी आणखी सोपी वाट आहे. अननसाचे, रसगुल्ल्याचे, गुलाबजामचे बरेच डबे हल्ली वर कडी असलेल्या झाकणाचे येतात. कॅन्टीनमधून आणताना सासऱ्यांनी तसेच बघून आणले तर कटरचं कामच नाही. कडी ओढायला नख किंवा अंगठा लावू द्यायचा नाही. चमच्याचा दांडा कडीत घालायचा आणि डब्याच्या कडेवर टेकवून वर उचलायचा. पहिला टवका सुटला की पुढचं झाकण हळूहळू, अंगापासून दूर ओढायचं. त्या झाकणाच्या कडेलाही धार असते.

कुठलाही कटर असला तरी डबा उघडायच्या आधी झाकण धुऊन कोरडं करा. हे डबे गोदामात पडून असतात, त्यांवर धूळ बसते, उंदीर फिरतात, आणि पातं ती सगळी घाण आत नेतं. ओट्यावर ओलं फडकं ठेवून त्यावर डबा ठेवला की तो सरकत नाही. आतून कापणारा कटर असेल तर पूर्ण फेरा मारू नका, बोटभर पत्रा शिल्लक ठेवा, चमच्यानं झाकण उचला आणि मागे दुमडा, म्हणजे ते रसात पडत नाही आणि बोटंही आत घालावी लागत नाहीत. काम झालं की कटर त्याच दिवशी गरम पाण्यात साबण लावून, दात्यांत जुना टूथब्रश फिरवून धुवा, पुसा आणि कोरडा करून ठेवा. आंब्याचा रस दात्यांत वाळून बसला की त्यावर बुरशी धरते आणि पुढच्या डब्यात तीच उतरते. आपल्या पावसात ओला कटर दोन दिवसांत गंजाचे ठिपके दाखवतो. चावीच्या सांध्यावर अधूनमधून खोबरेलाचा एक थेंब पुरे, पात्याला तेल नको.

उघडलेला रस डब्यातच ठेवून फ्रिजमध्ये सारायची सवय बऱ्याच घरांत आहे. ती मोडा. आतून कथिलाचा मुलामा असलेला पत्रा आंबट पदार्थ आणि हवा एकत्र आली की झपाट्यानं विरघळायला लागतो आणि रसाला धातूची चव येते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा, दोन-तीन दिवसांत संपवा, जमत नसेल तर लहान डब्यांतून डीप फ्रीझमध्ये टाका.

खराब डबा ओळखण्याबद्दल एवढंच सांगते. पातं शिरताना बारीकसा सूं असा आवाज येतो, तो ठीक आहे, आत हवा कमी असते म्हणून बाहेरची हवा आत ओढली जाते. पण झाकण किंवा बूड फुगलेलं असेल, किंवा भोक पडताच रस फसफसून बाहेर उडाला, तर तो डबा चव न घेता टाकून द्या, कितीही महागाचा असला तरी. दुमडलेल्या कडेवरच पोचा किंवा खोल गंज असेल तर विकतच घेऊ नका. आंबा-अननस आंबट असतात, त्यांत निदान सगळ्यात घातक जंतू वाढत नाहीत. मशरूम, मका, मासे यांच्या डब्यांत आंबटपणा नसतो, तिथं फुगलेला डबा जिवावर बेततो.

रिकाम्या डब्याचं झाकण आतच टाका आणि डब्याचं तोंड पायानं किंवा बत्त्यानं चेपून बंद करा, मगच सुक्या कचऱ्यात द्या. कचरा उचलणारे पौरकार्मिक बरेचदा उघड्या हातानं पिशव्या चाळतात. ज्या पत्र्यानं सासूबाईंना टाके पडले, त्यानं त्यांचेही हात कापतात.

राहिला तेलाचा डबा. चौकोनी डब्यावर घरातला फिरत्या चाकाचा कटर सहसा चालत नाही, हाताचा नाही आणि बॅटरीचाही नाही, कोपऱ्यावर तो सुटतो. बहुतेक पंधरा किलोच्या डब्यांना वर झाकण किंवा बूच असतं, ते उचकटून तेल काढा, आणि धार नीट यावी म्हणून समोरच्या कोपऱ्याला हवेसाठी एक लहान भोक पाडा. त्यासाठी तुमचा तो जुना, दाताचा कटर जपून ठेवा, त्या एका कामाला तो अजून चांगला आहे. पूर्ण तोंड कापून डबा धान्याला वापरायचा असेल तर तो भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून कापून, कड आत वळवून घ्या. घरी कापू नका.